राख काढली होतीस का?

गेल्या वर्षी दिवाळीला आठवडा राहिला असताना भाचीचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल आला. ती मेन राज्यात राहते. तिथं ऑक्टोबर सरायच्या आत पहाटेचं दव गवतावरच गोठतं आणि एप्रिलपर्यंत घर तापवल्याशिवाय भागत नाही. तिच्या तळघरातली, लाकडी भुशाच्या कांड्यांवर म्हणजे पेलेटवर चालणारी भट्टी दोन दिवस रडत होती. जळण जात होतं, पण घर तापत नव्हतं. दुरुस्तीवाला चार दिवसांनी येणार होता. बोलता बोलता तिनं फोन भट्टीच्या काचेच्या खिडकीसमोर धरला.

आई माझ्या शेजारी वाती वळत बसली होती. वय एक्याऐंशी. पेलेट हा शब्द तिनं जन्मात ऐकलेला नाही. तिनं चष्मा सारखा केला, दोन क्षण पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, “जाळ मरगळलाय. राख काढली होतीस का गं?”

“आजी, यात राख आपोआप खाली पडते.”

“आपोआप काही पडत नसतं बाळ. खालची भोकं बघ.”

भाचीनं भट्टी बंद केली, थंड होऊ दिली आणि आतली जळण्याची वाटी बाहेर काढली. वाटीच्या तळाच्या भोकांवर काचेसारखा कडक, काळपट पापुद्रा बसला होता. तिनं तो खरवडला, भोकं मोकळी केली, वाटी परत बसवली. तासाभरानं पुन्हा फोन आला तेव्हा काचेआड जाळ ताठ उभा होता, पिवळा-पांढरा, नाचरा. आधीचा केशरी, टोकाला काळा धूर सोडणारा, आळसटलेला जाळ कुठल्या कुठं गेला होता.

आईला हे कसं कळलं, हा प्रश्न तिला विचारण्यात अर्थ नव्हता. साठ वर्षं तिनं बंब पेटवलाय. मी मात्र त्या दिवसापासून या विषयाच्या मागे लागलो. कोल्हापुरात घर तापवायची वेळ येत नाही. इथल्या थंडीत पारा दहा अंशांच्या खाली क्वचितच जातो. आपण तापवतो ते अंघोळीचं पाणी. पण घरात विस्तव पाळायचा, त्याचं पोट रोज साफ करायचं, त्याला कोरडं खायला घालायचं, ही विद्या मेनच्या तळघरात आणि मंगळवार पेठेतल्या परसात एकच आहे.

*

बंब हा शब्द पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, म्हणजे पंप. म्हणून आग विझवणारी गाडीही बंब आणि पाणी तापवणारं भांडंही बंब. तांब्याचा उभा पिंप, त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राखेचा खण. नळीत वरून जळण टाकायचं. ते जाळीवर बसून जळतं, खालून हवा शिरते, वर धूर जातो, आणि नळीच्या भोवतीनं असलेलं पाणी तिची सगळी धग ओढून घेतं. चुलीवरच्या हंड्याला फक्त बुडातून ऊब मिळते, निम्मा जाळ बाजूनं वाया जातो. बंबात विस्तव पाण्याच्या पोटात बसलेला असतो. अमेरिकेतल्या त्या भट्टीतही हेच आहे. मधे जाळ, भोवती धातूची भिंत, भिंतीपलीकडे तापायचं ते. तिथं हवा तापते, इथं पाणी, एवढाच फरक.

चाळीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर न्यायला लागणारी उष्णता मी कागदावर काढून बघितली. विजेच्या हिशेबात ती दोन युनिटांच्या थोडी आत येते. २ किलोवॅटचा गीझर त्याला पाऊण तासाहून जास्त घेईल. कोरड्या लाकडाच्या एका किलोत याच्या दुपटीहून जास्त उष्णता असते. म्हणजे निम्मी जरी पाण्यात उतरली तरी किलोभर जळणात चौघांच्या अंघोळी व्हायला हव्यात. आईच्या बंबात होतात. शेजारच्या घरी तेवढ्याच मापाच्या बंबाला दीड-दोन किलो लागायचं, आणि धूर आमच्या दोरीवरच्या धुण्यावर यायचा. भांडं एकाच कारागिराच्या हातचं होतं. फरक होता तो ठेवण्यात.

बंब दुरुस्त करणारे मिस्त्री आता शहरात बोटावर मोजण्याइतके उरलेत. मी ज्यांच्याकडे गेलो त्यांचं दुकान म्हणजे एक पायरी, एक भाता आणि भिंतीला टेकवलेले पाच-सहा जखमी बंब. त्यांनी एकेकाचं दुखणं दाखवलं. एकाची नळी आतून करपून पातळ झालेली. एकाच्या सांध्यातून पाणी झिरपलेलं. तिसऱ्याच्या पोटात हात घालून त्यांनी पांढऱ्या खवल्यांची मूठ बाहेर काढली. बोअरच्या पाण्याचे क्षार.

“बंब कधी आपणहून फुटत नसतोय,” ते म्हणाले. “पाणी न बघता पेटवतात माणसं. मग डाग सुटतोय.”

त्यांच्या या एका वाक्यात सगळं भौतिकशास्त्र आलं. दुरुस्तीत लावलेला कथलाचा डाग दोनशे अंशांच्या आसपास वितळतो, त्यात शिसं असेल तर त्याहीआधी. जाळ त्याच्या कितीतरी पट तापलेला असतो. पण नळीच्या पलीकडे पाणी असेल तर धातू शंभर अंशांच्या फारसा वर जाऊ शकत नाही, पाणी त्याला राखतं. पाणी संपलं की तोच डाग मिनिटांत ओघळतो. म्हणून आईचा पहिला नियम असा: आधी तोटी उघडून धार बघायची, मग काडी ओढायची. गरम पाण्याची बादली काढली की गार पाण्याची बादली वरून ओतायची, मगच न्हाणीत जायचं. आम्हा भावंडांना लहानपणी यासाठी बोलणी खावी लागली आहेत, आणि बहीण अजूनही हॉटेलात गीझरखाली उभी राहताना अस्वस्थ होते, कारण ओतायला बादली नसते.

क्षारांचं दुखणं हळू चढतं. नळीवर बाहेरून, म्हणजे पाण्याच्या बाजूनं, खवल्यांचा थर बसला की जाळ आणि पाणी यांच्यात गोधडी पांघरल्यासारखं होतं. आतून काजळी बसली की दुसरी गोधडी. जळण तेवढंच, पाणी मात्र कोमट. माणसं मग बंब जुना झाला म्हणतात आणि मोडीत काढतात. तांब्याला मोडीत भाव चांगला मिळतो, हेही त्यामागचं एक कारण. मिस्त्रींकडच्या बंबांपैकी दोन नुसते साफ करून परत गेले. चिंचेचं पाणी रात्रभर आत भरून ठेवलं, सकाळी काठीला चिंधी बांधून घासलं, चार वेळा खळबळून ओतलं. नळीतली काजळी तारेच्या ब्रशनं काढली. बस्स. मेनमधल्या भाचीला वर्षातून एकदा हंगाम संपल्यावर नेमकं हेच करावं लागतं: धुराडं झाडायचं, उष्णता देणाऱ्या नळ्यांवरची राख ब्रशनं काढायची, दाराची दोरीसारखी वादी घट्ट बसते का ते बघायचं. वादीची परीक्षा कागदाच्या पट्टीनं करतात. पट्टी दारात धरून दार लावायचं आणि ओढायचं. सहज निघाली तर नको तिथून हवा शिरतेय.

*

जळणाबद्दल जास्त सांगावंसं वाटतं, कारण कोल्हापूर हे जळण ओळखणाऱ्यांचं गाव आहे.

होळी आली की इथं ‘होळी लहान, शेणी दान’ अशी हाक दिली जाते आणि तालमी, मंडळं, गल्ल्या पंचगंगेच्या स्मशानभूमीसाठी शेणी, म्हणजे गोवऱ्या, गोळा करतात. शेणीला असा मान देणारं शहर मला दुसरं माहीत नाही. शेणी सावकाश जळते, धग एकसारखी देते, मधेच भडकत नाही. बंबाला म्हणूनच तिचा तुकडा शेवटी टाकतात, म्हणजे पाणी तापलेलं राहतं. पेटवायला पाचटाची मूठ किंवा नारळाची शेंडी, मग ढलप्या, मग मक्याची दाणे काढलेली कणसं, आणि वर शेणी. हा क्रम आईनं कधी सांगितला नाही. आम्ही बघून शिकलो.

ओलं जळण म्हणजे बंबाचा शत्रू. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ते पाणी वाफ होऊन उडेपर्यंत विस्तव आपली ताकद त्याच्यावरच खर्च करतो, आणि मग उरलीसुरली धग न्हाणीतल्या पाण्याला मिळते. शिवाय थंड, ओल्या धुरातला चिकटा नळीला डांबरासारखा धरतो. तो ब्रशनंही निघत नाही. उन्हात वर्षभर मुरलेल्या लाकडात पंधरा ते वीस टक्के ओल राहते. पेलेटमध्ये दहा टक्क्यांपेक्षा कमी. पेलेटचा मोठेपणा इथंच आहे. गोठ्यात म्हशीला घालतो त्या गोळीपेंडीसारखी ही कांडी, सहा मिलिमीटर जाड. वाळवलेला लाकडाचा भुसा प्रचंड दाबानं पोलादी छिद्रांतून रेटतात. दाबानं भुसा तापतो, लाकडातलंच लिग्निन मऊ होतं आणि गोंदासारखं सगळं धरून ठेवतं. वेगळा चिकट पदार्थ घालावा लागत नाही. पण हीच कांडी भिजली की फुगून पुन्हा भुसा होते. भाचीच्या तळघरात पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचलेली असतात. एकेक पोतं १८ किलोचं, हंगामाला शंभराहून जास्त पोती. आमच्या माळ्यावरच्या शेणीही अशाच, जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून लांब.

भुसा दाबून जाळायची कला आपल्याकडेही होती. भुशाची शेगडी ज्यांच्या घरी होती त्यांना आठवेल. पत्र्याचा डबा, तळाशी बाजूला एक भोक. त्या भोकातून एक काठी आडवी घालायची, मधे एक बाटली उभी धरायची आणि लाकडाच्या वखारीतून आणलेला भुसा भोवतीनं ठासून भरायचा. मग काठी आणि बाटली हलकेच फिरवून काढून घ्यायची. मधे बोगदा तयार. खालून पेटवलं की जाळ बोगद्यातून वर चढतो आणि भिंत आतून बाहेर जळत जाते. ठासणी सैल झाली तर भुसा ढासळून शेगडी विझायची. फार घट्ट झाली तर पेटायचीच नाही. माझी आत्या भुसा ठासताना कुणाशी बोलत नसे.

अमेरिकेत पेलेटची सुरुवात १९७३ च्या तेलटंचाईनंतर झाली. सिएटलकडचे जेरी व्हिटफील्ड हे विमान उद्योगातले अभियंता. त्यांनी १९८० च्या दशकात घरगुती पेलेट शेगडी बाजारात आणली. वर कांड्यांची टाकी, टाकीतून फिरत्या मळसूत्रानं थोड्या थोड्या कांड्या वाटीत पडणार, पंखा मोजून हवा देणार. आत्याचा हात आणि कान जे करायचे ते यंत्राकडे दिलं. पण राख तशीच उरली. उत्तम लाकडाच्या कांडीत शेकडा एक भागापेक्षाही कमी राख असते, तरी हंगामभरात तिचे डबे भरतात.

*

ही सगळी विद्या मोठ्या मापानं बघायची तर हंगामात पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एखाद्या गुऱ्हाळावर जावं. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. गुळाचं कौतुक सगळे करतात. चुलवाणाचं, म्हणजे रस आटवायच्या काहिलीखालच्या चुलीचं, कुणी करत नाही.

काहिलीसमोर उभा असतो गुळव्या. चाचणी बघणारा, गूळ कधी उतरवायचा हे ठरवणारा. पाक साधारण ११८ अंशांवर आला की क्षणभराचीही चूक चालत नाही. पण काहिलीच्या मागे, जमिनीखाली उतरलेल्या खड्ड्यात, चुलवाणाच्या तोंडाशी बसतो तो जळव्या. मी गेलो तेव्हा तो माणूस वाळलेल्या चिपाडाची मूठ दर काही सेकंदांनी आत सारत होता आणि मधूनच लांब सळईनं तळ हलवत होता. वर बघत नव्हता. गुळव्यानं वरून हाक दिली, “कमी कर,” आणि त्याचा हात थांबला.

ज्या उसाचा रस काहिलीत आहे त्याच उसाचं चिपाड खाली जळतं. बाहेरून जळण आणावं लागत नाही, ही गुऱ्हाळाची खरी श्रीमंती. मात्र चरकातून निघालेल्या चिपाडात निम्मं पाणी असतं, म्हणून गुऱ्हाळाभोवती मैदानभर ते वाळत पसरलेलं दिसतं. अवकाळी पावसाची सर आली की सगळं गुऱ्हाळ ताडपत्र्या घेऊन धावतं.

जळव्यानं मला सळईच्या टोकावर अडकलेला एक खडा दाखवला. हिरवट, चकचकीत, काचेसारखा. भाचीच्या वाटीत होता तसाच. उसाच्या अंगात वाळूचा अंश असतो, आणि पोटॅशही. दोन्ही मिळून जाळात वितळतात आणि थंड झाले की काच होतात. ही काच हवेची वाट बुजवते. “रोज सकाळी चुलवाण झाडल्याबिगर पेटवत न्हाई,” जळव्या म्हणाला, “नायतर दुपारपर्यंत जाळ बसतोय.” माझ्या आईनं मरगळलाय म्हटलं, त्यानं बसतोय म्हटलं.

*

मग उसाच्या या मुलखात चिपाडाच्या कांड्या करून घरोघर का जाळू नयेत? हा प्रश्न माझ्या आधी पुष्कळांना पडला. फलटण आणि पुण्यात काम करणाऱ्या डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेनं शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवल्या. त्या कामाला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. २००६ च्या सुमारास ‘ऊर्जा’ नावाची चूल आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचं संशोधन आणि बीपी या तेल कंपनीचं भांडवल. वाटीभर पेलेट, खाली छोटा पंखा, चार्ज होणारी बॅटरी, जवळजवळ बिनधुराचा निळसर जाळ. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आजूबाजूला अशा सुमारे चार लाख चुली विकल्या गेल्या. चूल उत्तम होती. २००९ मध्ये बीपीनं अंग काढून घेतलं, पुण्याच्या फर्स्ट एनर्जीनं काम पुढं चालवलं, पण घरगुती गिऱ्हाईक गळत गेलं आणि कंपनी हॉटेलांच्या भटारखान्यांकडे वळली.

कारण जळणाचा भाव. चिपाड, भुईमुगाची टरफलं हा एके काळी कचरा होता. साखर कारखान्यांनी चिपाडावर वीज करायला घेतली, बॉयलरवाल्या उद्योगांना कोळशाला पर्याय हवा झाला, आणि कचऱ्याला किंमत आली. २०२१ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पाच टक्के पेलेट मिसळण्याचं धोरण आखलं. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले, ते चांगलंच झालं. पण मोठ्या बॉयलरशी भावाची स्पर्धा एखाद्या घरातली बाई कशी करणार? जळण परसात पडलेलं असतं तोवर चूल जगते. ते पोत्यातून विकत घ्यायला लागलं की दरमहा हिशेब होतो, आणि हिशेबात गॅस सोपा पडतो. मला या प्रयोगाची हळहळ वाटते. एवढी चांगली चूल चार लाख घरांत पोचली होती.

बंबाचे गोडवे गाताना एक गोष्ट झाकून ठेवायची नाही. धूर हा धूरच. आईच्या पिढीच्या बायकांनी तो किती गिळला याला माप नाही. आणि त्याहून वाईट तो न दिसणारा वायू. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीत निखाऱ्यांची शेगडी किंवा बंब ठेवून, किंवा गॅसचा गीझर चालवून खिडकी लावून घेणं म्हणजे जीव धोक्यात घालणं आहे. जुन्या घरांत बंब परसात किंवा पडवीत असे आणि गरम पाणी बादलीनं न्हाणीत नेत, ते उगीच नव्हे. फ्लॅटच्या बाथरूममध्ये बंब ठेवू नका, एवढं मी हात जोडून सांगेन. प्लास्टिकच्या पिशव्या, रंग लावलेल्या फळ्या त्यात टाकू नका. आणि राख लगेच कचऱ्यात ओतू नका. वरून करडी, थंड दिसणारी राख पोटात निखारा तासन् तास जपते. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, फरशीवर ठेवायची. भाचीच्या घरीही तसाच डबा आहे.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या भागात पाणी शिरलं नाही, पण वीज गेली. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली होता, त्यामुळे शहरात गॅस, पेट्रोल, दूध सगळंच अडलं. ओळखीतली दोन पूरग्रस्त कुटुंबं आमच्याकडे उतरली होती, एकूण चौदा माणसं, त्यात एक ओली बाळंतीण. आईनं बंब सकाळी चारला पेटवला तो दुपारपर्यंत विझू दिला नाही. माळ्यावरच्या शेणी उतरवल्या. बाळाला आणि बाळंतिणीला रोज कढत पाणी मिळालं. त्या आठवड्यात मेनमधल्या भट्टीसारखं काही आमच्याकडे असतं तर ते बंद पडलं असतं, कारण मळसूत्र आणि पंखा दोन्ही विजेवर चालतात. भाचीनं नंतर एक छोटी बॅटरी घेतली ती हे ऐकूनच.

*

यंदाही नरकचतुर्दशीच्या आदल्या दुपारी बंब परसात उतरवला. आता जड काम मी करतो, आई मोढ्यावर बसून सांगते. राखेचा खण ओढून रिकामा केला. जाळी काढून उन्हात दगडावर आपटली, दोन भोकांत खडे अडकले होते ते खिळ्यानं पाडले. नळीतून ब्रश वरखाली केला तेव्हा ओंजळभर काजळी पडली. चिंच आणि मीठ लावून बाहेरचं तांबं घासलं. मग चाळलेल्या राखेचा हात फिरवला आणि तांबं आतून दिवा लावल्यासारखं उजळलं. राहिलेली राख कढीपत्त्याच्या आळ्यात गेली. कुंकवाची बोटं, झेंडूची माळ, भोवतीनं रांगोळी.

“तोटी बघितलीस?” आईनं विचारलं.

मी तोटी सोडली. धार आली. वरून आणखी दोन बादल्या ओतल्या, जाळीवर पाचटाची मूठ आणि ढलप्या रचून ठेवल्या, काड्यापेटी माळ्याच्या फळीवर ठेवली.

रात्री भाचीचा फोन आला. तिकडे सकाळ झाली होती आणि खिडकीबाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता. तिनं काही न बोलता फोन भट्टीच्या काचेसमोर धरला. आईनं चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघत राहिली.

“आता बरा आहे,” ती म्हणाली. “झोप झाली का तुझी?”